मेनस्विच काकांनी माडीला बोर्ड बसवला

आमच्या शेजारच्या काकांना सगळी गल्ली मेनस्विच म्हणते. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि थोडं आवडतंही असावं. माणूस खोलीतून बाहेर पडायला नुसता वळला, की काका दिवा घालवतात. तो रुमाल विसरला म्हणून परत फिरला, तर आधी अंधारात ठेचकाळतो आणि मग काकांची बोलणी खातो. कारखान्यात लोकांच्या पाळ्या लावण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर पाळ्या लावायला घर तेवढं उरलं.

माणूस मात्र प्रेमळ. त्यांच्या लेकीचं शिवणकामाचं दुकान होतं. जागामालकाला जागा हवीशी झाली, तेव्हा काका आपण होऊन म्हणाले, की आपली माडी रिकामीच आहे, इथे ये. लेकीच्या हातात हंगामाचं भरपूर काम होतं आणि हाताखाली दोन बायका होत्या. माडीवर बस्तान बसलं नाही तर काम जाणार, आणि बायकाही दुसरं दुकान बघणार. तरी तिने वडिलांच्या भरवशावर जुन्या जागेची किल्ली देऊन टाकली. प्रेमळ बापाच्या लेकी असल्या चुका करतात.

माडीला विजेचा वेगळा बोर्ड हवा होता. खालच्या मेनपासून वर वायर न्यायची, तिथे छोटा बोर्ड बसवायचा आणि मशिनं, इस्त्री, पंखे यांना वेगवेगळे खटके द्यायचे. वायरमनने रीत सांगितली. वर जे जे चालणार ते सगळं मांडायचं, त्यातलं एका वेळी जास्तीत जास्त किती चालेल ते बघायचं, वायर आणि बोर्ड त्याहून थोड्या जास्त ताकदीचा घ्यायचा, आणि पुढेमागे लागेल म्हणून बोर्डात थोडी जागा मोकळी ठेवायची. काकांनी पुढचं काही ऐकलंच नाही. ते ‘एका वेळी’पाशीच थांबले होते.

“एका वेळी काय चालेल ते मी ठरवणार ना?” ते म्हणाले. “मग त्यात बघायचं काय?”

आणि त्यांनी पाळ्या लावल्या. सकाळी वाफेची इस्त्री. ती गार झाली की मशिनं. मशिनांबरोबर पंखा चालेल, इस्त्रीच्या वेळी खिडकी उघडावी. लेकीने समजावून पाहिलं, की शिवण घातली की लगेच इस्त्रीने दाबावी लागते, नाहीतर कपडा बसत नाही. शिवणं आणि इस्त्री हातात हात घालून चालतात. काका म्हणाले, सवयीचा प्रश्न आहे. वायरमनने एकदा डोकं खाजवलं आणि मग ‘काका म्हणतील तसं’ म्हणून बारीक वायर ओढली. त्याचं सगळ्यांशीच पटतं. मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांना दोन खोल्यांसाठी नाटकगृहाला पुरेल असा बोर्ड त्याने त्याच समाधानाने बसवून दिला होता.

काम सुरू झालं आणि पहिला ब्लाउज पुरा व्हायच्या आत, भार न झेपून, बोर्डातला खटका आपोआप पडला. माडीवर सगळं शांत. काका जिना चढून वर आले ते लगबगीने, चेहऱ्यावर समाधान घेऊन. बोर्ड अगदी चोख काम करतोय, असं त्यांनी सांगितलं. चूक कुणाची, तेवढं बघायचं. चूक इस्त्रीवाल्या बाईंची निघाली. त्यांना पाळ्या पुन्हा समजावून काका उतरले, आणि पायरीवरच होते तोवर पुन्हा सगळं बंद. मग हाच दिवसभराचा क्रम. दोघींतल्या वयाने मोठ्या बाईंनी शेवटी सुचवलं, की काकांनी वरच खुर्ची टाकली तर त्यांचे गुडघे वाचतील. काकांना ती सूचना मनापासून पटली. ते खुर्ची घेऊन आले आणि बोर्डाखाली बसले.

आठवडाभर हे चाललं. एका गिऱ्हाइकाचा रेशमी झगा अर्धा दाबलेला असताना इस्त्री गार पडली, आणि त्याची घडी शेवटपर्यंत सरळ झाली नाही. झगा परत आला. त्या दिवशी लेकीने मशिनांवर कापड टाकलं, बाजाराच्या टोकाला एक अंधारी जागा बघून आली आणि सामान बांधायला घेतलं.

काका जिन्यात उभे राहून म्हणत होते, की शिस्त लागायला वेळ लागतो, ही पिढी दम धरत नाही. काकू खालच्या पायरीवर होत्या. काकू सहसा बोलत नाहीत. त्यांच्या बोलण्याचीही पाळी कधी आलेली कुणी पाहिली नव्हती.

“जाऊ दे तिला,” त्या म्हणाल्या. “ती गेली की तुमचा बोर्ड बरोब्बर पुरेल. वर काही चालणारच नाही.”

काका वर गेले, बोर्डाखालची खुर्ची उचलून खाली आणली आणि वायरमनला निरोप धाडला.

वायरमन दुसऱ्या दिवशी आला. या खेपेला विचारणारे काका होते आणि सांगणारी लेक. दोन्ही मशिनं, इस्त्री, शिवाय पुढे घ्यायचं तिसरं मशीन, आणि पंखे सगळे. एकेका शब्दाला काकांचा चेहरा दाढ काढल्यासारखा होत होता, पण ‘आणखी?’ एवढंच ते म्हणत होते. खालच्या मेनला हे सगळं झेपणार होतं. अडत होतं ते मधल्या बारीक वायरीवर आणि इवल्याशा बोर्डावर. दोन्ही बदलले. वायरमन म्हणाला, मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

लेकीने मात्र बांधलेलं सामान सोडलं नाही. ती दारात उभी राहिली.

“आधी सगळं एकदम लावून दाखवा, बाबा. तुमच्या हाताने.”

मेनस्विच काकांनी लावलं. इस्त्री, मग पहिलं मशीन, मग दुसरं, मग दिवसाढवळ्या दिवे, मग पंखे. शेवटच्या बटणापाशी हात किंचित थबकला, पण तेही लावलं. इस्त्री फुसफुसली, पंख्यांनी कागदाचे नमुने उडवले, आणि खटका जागचा हलला नाही. काकांचा हात सवयीने पुन्हा बटणाकडे गेला.

“राहू द्या चालू,” लेक म्हणाली, आणि दोरी सोडून गाठोडं उलगडायला बसली.