हातानं मारलेला नंबर

प्रेमदास ताकसांडे यांचं कागदावरचं अक्षर वाईट होतं, पण लोखंडावर ते फार सुंदर लिहीत. सैन्यात एकवीस वर्षं त्यांनी बंदुका दुरुस्त करायचं काम केलं. बंदुकीवरचा नंबर गंजानं पुसट झाला, की वर्कशॉपचं रजिस्टर पाहून तोच नंबर पुन्हा मारायचा, हेही त्यांच्याच कामात येई. टोकाला आकडा कोरलेला पोलादी पंच सरळ उभा धरायचा आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचा. दुसरा दिला, की पंच केसभर सरकतो आणि आकड्याला सावली येते.

"सावली आली म्हंजे समजायचं, कोन्या रंगरूटानं मारला," असं ते नव्या भरतीच्या पोरांबद्दल म्हणत.

त्र्याण्णव साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पिपरी मेघेला आमच्या शेजारी दोन खोल्यांचं घर बांधून राहू लागले. मी त्यांना काका म्हणायचो. मूळ गाव वडनेर, पण तिथं आता त्यांचं कुणी नव्हतं. पेन्शन लहान होती, म्हणून एका जिनिंगच्या फाटकावर चौकीदारी धरली. हातात काठी. कापसाच्या गाड्या आत घ्यायच्या, बिडी पेटवणाऱ्याला हाकलायचं. ज्या माणसाच्या हाताखालून हजारो बंदुका गेल्या, त्याच्या हातात वेळूची काठी, हे त्यांना खुपायचं. बँकांना बंदूकवाले गार्ड लागत होते, पण एजन्सीची अट एकच होती: बंदूक आणि लायसन्स स्वतःचं पाहिजे.

नोकरीत असतानाच त्यांनी सैन्यातून बाद झालेलं एखादं हत्यार विकत मिळावं म्हणून अर्ज केला होता. शहाण्णव साली त्यांचं नाव लागलं. लायसन्स हातात आल्यावर ते जबलपूरला गेले आणि घोंगडीत गुंडाळलेली रायफल घेऊन आले. बसस्टॉपवर ताराचंदचं किराणा दुकान. त्यानं तिथूनच आवाज दिला.

"काय हवालदार, एवढी लांबलचक काठी कोन्या वावरातून तोडली?"

"काठी नोहे शेट. बँकेची नोकरी हाये ही."

घरी घोंगडी सोडली तेव्हा त्यांच्या बायको कांताकाकू जवळ येऊन पाहू लागल्या. ग्रीस वाळून डिंकासारखं चिकटलेलं. लाकडी दस्त्याला मुठीत धरायच्या जागी आरपार चीर. पोलादावर देवीच्या व्रणांसारखे गंजाचे खड्डे. मूळची लढाईतली रायफल, नळी बदलून लायसन्सवर मिळणारी काडतुसं चालतील अशी केलेली.

"याच्यापरीस माहं मुसळ बरं," काकू म्हणाल्या. "त्यानं निदान मिरची तरी कुटता येते."

"कांता, इच्यात एकबी गोष्ट अशी नाई, जे दुरुस्त होत नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती ठाण्यात दाखवून नोंदवली. जमादारानं भिंग लावून पुसट सहा आकडे रजिस्टरात आणि लायसन्सवर उतरवले. मग सात महिने काका रायफल घेऊन बसले. मी तेव्हा आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड करत होतो. आमच्याकडे मशीन होती, तरी असं काम मी तिथं पाहिलं नाही. आधी रॉकेलनं ग्रीस सोडवलं. चिरेत सागवानाच्या दोन खुंट्या अशा बसवल्या, की बोट फिरवूनही सांधा कळू नये. ताराचंदकडून जवसाचं तेल आणून रोज संध्याकाळी तळहातानं लाकडात जिरवलं. काकू म्हणायच्या, माह्या डोक्याले तेल लावाले याइले कधी फुरसत भेटली नाई. काडतूस आत सरकवणारा बोल्ट आधी दोन्ही हातांनी ओढावा लागायचा. नंतर एका बोटानं सरकू लागला.

शेवटी राहिली नंबराची जागा. गंज तिथंच सगळ्यात खोल होता, दोन आकडे अर्धे खाल्लेले. गंज ठेवला तर तो आत आत जाणार. काकांनी ती जागा कानसीनं घासून साफ केली. नंतर सैन्यात करत तेच केलं. वर्ध्याहून आकड्यांच्या पंचांचा संच आणला, लायसन्स समोर ठेवलं आणि तोच नंबर पुन्हा मारला. भिंतीपलीकडून मला ठोके ऐकू आले. एक. मग किती तरी वेळ काही नाही. मग दुसरा. असे सहा.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये ते देवळीला एका बँकेच्या दारात उभे राहिले. खाकी कपड्यांची घडी मोडलेली कधी दिसली नाही. पेन्शन घ्यायला येणारे म्हातारे त्यांना रामराम आणि जयभीम दोन्ही करायचे. काकू नंतर मला म्हणाल्या होत्या, "ते अडीच वर्सं मानूस घरात गुनगुनत राहे, बापू. त्याच्या पहिले नाई, त्याच्या मांगून नाई."

नव्याण्णव साली निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की लायसन्सवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. बँकेच्या गार्डांना सूट मिळे, पण हत्यार दाखवून शिक्का घ्यावा लागे. काका सुट्टी काढून गेले. सकाळची वेळ, दहा मिनिटांचं काम. टेबलावर नवा जमादार होता. त्यानं रायफल उलटसुलट केली आणि नंबरावर अंगठा फिरवला.

"बंदूक लढाईच्या जमान्यातली, अन् नंबर कालचा काऊन दिसून राह्यला?"

"गंज लागलता साहेब. म्या घासून काढला."

"अन् हा नंबर कोनं मारला?"

"म्याच मारला," काका म्हणाले. "सरळ आला ना? एकाच ठोक्याचा हाये. पाहा, कुठी सावली नाई."

जमादारानं खुर्ची मागं सरकवली. "हवालदारसाहेब, खाली बसा. तुमी काय बोलून राह्यले, समजते का तुमाले?"

काकांना खरंच समजलं नव्हतं. हे त्यांनी मला पुढं कितीदा सांगितलं असेल. एकवीस वर्षं ज्या कामासाठी शाबासकी मिळाली, ते काम सैन्याच्या फाटकाबाहेर गुन्हा असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हत्यारावरचा नंबर काढणं हा एक गुन्हा आणि परवानगीशिवाय नंबर मारणं हा दुसरा. दोन्ही त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केले होते, वर आकडे किती सरळ आलेत हेही दाखवलं होतं. रायफल जप्त होऊन ठाण्याच्या मालखान्यात गेली. घरून पंचांचा संचही नेला. जामीन झाला, पण लायसन्स थांबलं. एजन्सीचा साहेब म्हणाला, "केस निकाली लागली की या, जागा तुमचीच आहे." काका जिनिंगच्या फाटकावर परत गेले. काठी त्याच कोपऱ्यात उभी होती.

तारखा पडू लागल्या. काकांना शिक्षेची भीती वाटत नव्हती. दर पावसाळ्यात ते एकच बोलायचे: मालखान्याचं छप्पर गळते. मुद्देमालाला तेल लावण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज त्यांनी दरवर्षी केला. त्यांचं अक्षर लागत नाही म्हणून दोन अर्ज मीच लिहून दिले. पोलिसांच्या देखत, पाच मिनिटं, तेल आणि चिंधी स्वतः आणीन. उत्तर प्रत्येक वेळी तेच होतं. मुद्देमालाला आरोपीनं हात लावायचा नसतो.

"आरोपीनं नोको लावू तं नोको," ते म्हणायचे. "त्याइनं तरी लावा ना."

मधल्या काळात रायफल प्रयोगशाळेत जाऊन आली. नंबर मारताना खालचं पोलाद खोलवर दबतं. वरचा थर घासला तरी तो दाब आत राहतो, आणि आम्ल लावलं की जुने आकडे पुन्हा वर दिसू लागतात. अहवाल आला: जुना नंबर आणि नवा नंबर एकच. मी तो वाचला तेव्हा मला वाटलं, सुटले काका. पण वकील म्हणाले, नंबर कोणता होता हा प्रश्नच नाही. तो काढला का, हा प्रश्न आहे.

दोन हजार सहा साली ते निर्दोष सुटले. हेतू वाईट नव्हता, असं निकालात लिहिलं होतं. लायसन्स सुरू व्हायला आणखी एक वर्ष गेलं. काका तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. कागद घेऊन ते आधी एजन्सीत गेले, आणि मग ठाण्यात जाणार होते. एजन्सीत नवा पोरगा बसला होता. तो आदबीनं म्हणाला, "अंकल, पन्नासच्या वर आम्ही घेत नाही. तुम्ही उशीर केला."

त्याच दिवशी मी त्यांना मोटरसायकलवर ठाण्यात नेलं. मालखान्यातून शिपायानं कापडात बांधलेली रायफल आणून टेबलावर ठेवली. सील तोडलं तसा भुसा सांडला. दस्ता वाळवीनं पोखरला होता. सागवानाच्या दोन खुंट्या तेवढ्या शाबूत होत्या, भोवतीचं लाकूड गेल्यामुळं उघड्या पडलेल्या. काकांनी बोल्टला हात घातला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला, तरी नाही. आम्ल लावलेली जागा नारिंगी झाली होती, आणि तिथून गंज नळीच्या तोंडापर्यंत गेला होता.

"काका, नंबर पाहून घ्या अन् सही मारा," तिथला तरणा जमादार म्हणाला. त्यानं स्वतःच वाकून आकडे वाचायला घेतले आणि तो थांबला. नव्या आकड्यांमागून जुने वर आले होते, केसभर सरकलेले. प्रत्येक आकड्याला सावली होती.

"हे तं डबल डबल दिसून राह्यले. कोनं मारले असे?"

मी काकांकडं पाहिलं. ते चष्मा काढून पुसत होते.

"मले नाई ठाऊक, साहेब," ते म्हणाले. "कोनी रंगरूट असन."

जमादार हसला. काकांनी ताब्याच्या पावतीवर सही केली आणि लगेच विचारलं, हत्यार कायमचं सरकारात जमा करायचा अर्ज कुठं मिळतो. जमादारानं दोनदा विचारून खात्री केली. मीही म्हणालो, "काका, घरी नेऊ, मग पाहू." त्यांनी मान हलवली. "बँकेच्या दारात उभी राह्यनार नाई, तं घरी काय मिरच्या कुटाच्या इनं?"

छापील अर्ज आला. मी लिहितो म्हणालो, पण पेन त्यांनी सोडलं नाही. नाव, पत्ता, हत्याराचा प्रकार. नंबराच्या रकान्यात त्यांनी रायफलीकडं न बघता सहा आकडे लिहिले.

जमादारानं कागद उजेडात धरला. "काय लिहिलं काका हे? काईच लागत नाई."

त्यानं ते सहा आकडे खोडले आणि वर स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिले.