सासऱ्यांची झील

माझे सासरे गाणारे नव्हेत, झील धरणारे आहेत. हा फरक ते भेटेल त्याला समजावून सांगतात. मुंबईत त्यांच्या वस्तीत जयंतीला गायन पार्टी व्हायची. शाहीर पुढे उभे राहून ओळ टाकायचे आणि मागचे तिघंचौघं कानावर हात ठेवून त्या ओळीचं शेपूट वरच्या पट्टीत उचलायचे. सासरे त्या मागच्यांतले. पोटासाठी टपालखात्यात नोकरी केली, पण वस्ती त्यांना ओळखायची ती आवाजावरून. माझ्या माहेरीही बुद्धवंदना होती, जयंती होती, पण आम्ही सगळे टाळ्यांपुरते. या घरात लग्न होऊन आले तेव्हा कुणी नुसता चहा मागितला तरी दुसऱ्या खोलीतून झील येईल की काय, अशी मला धास्ती असायची.

यंदा ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे हायडेलबर्गला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचं नातीशी वाजलं.

मुलगी बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. दर मंगळवारी ती गाण्याच्या क्लासला जाते. तिथले मास्तर, म्हणजे आम्ही घरात त्यांना मास्तर म्हणतो, सत्तरी ओलांडलेले काळे अमेरिकन गृहस्थ आहेत. तरुणपणी सैनिक म्हणून इथल्या अमेरिकन बराकींमध्ये आले. पुढे सैन्य परत गेलं, बराकींचे फ्लॅट झाले. त्यातल्याच एकात आम्ही भाड्याने राहतो. मास्तर मात्र गेले नाहीत, कारण बायको इथली. ते मुलांना ब्लूज शिकवतात. वर्गात त्यांची दोन नातवंडंही आहेत आणि तीही आजोबांना जर्मनमध्येच उत्तरं देतात. हे ऐकून मला पहिल्याच दिवशी फार बरं वाटलं होतं.

तर, मुलगी खोलीत रियाज करायची आणि ओळ संपली रे संपली की स्वयंपाकघरातून सासऱ्यांची झील यायची. इंग्रजी शब्द त्यांना कळत नसत. शेवटचे सूर तेवढे पकडायचे आणि भेंडी चिरता चिरता वर न्यायचे.

"आजोबा, निष्ट मिटझिंगन," आतून ओरडा.

"बाबा, सोबत गाऊ नका म्हणतेय," मी.

"गातोय कुठे? झील देतोय," असं म्हणून ते पुढची भेंडी घ्यायचे.

एका मंगळवारी मी त्यांना मुलीला आणायला सोबत नेलं. मास्तरांनी हौसेने बसवून घेतलं आणि ते सांगू लागले. त्यांच्या आजीच्या गावी कापसाच्या शेतात राबताना एक जण ओळ ओढायचा आणि बाकीचे उत्तर द्यायचे. तीच रीत चर्चमध्ये गेली, तिथून ब्लूजमध्ये आणि जॅझमध्ये. जॅझमध्ये ट्रम्पेट विचारतो आणि सॅक्सोफोन उत्तर देतो, एवढाच फरक. मी जमेल तसं मराठीत सांगत होते.

"म्हणजे आमचा जलसाच की," सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "त्यांना सांग, आम्हालाही गावाबाहेर ठेवलं होतं. आम्ही माणसं आहोत हे मोठ्याने म्हणायचं धाडस आमच्या लोकांना गाण्यातून आलं."

ते मी इंग्रजीत सांगितलं. इथल्या एका संशोधन इन्स्टिट्यूटमध्ये मी इतकी वर्षं काम करतेय, पण हे वाक्य मी तिथे कधी कुणाला म्हटलं नव्हतं. मास्तरांनी सासऱ्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग मास्तरांनी आपलं दुखणं सांगितलं. बराकी भरलेल्या होत्या तेव्हा ओळ संपायच्या आत हॉलमधून उत्तर यायचं. आता लोक मांडीवर हात ठेवून ऐकतात आणि शेवटी सभ्यपणे टाळ्या वाजवतात. म्हणून यंदाच्या कार्यक्रमात त्यांनी ठरवलं होतं की मागची मुलं उत्तर देणार नाहीत, ते प्रेक्षकांनीच द्यायचं. येईपर्यंत ओळ टाकत राहायची. आणि ओळ टाकायला त्यांनी आमच्या मुलीला निवडलं होतं.

आता ती दिवसभर तीच ओळ घोकायला लागली. त्यातून आजोबांची भीती वेगळीच. तिने अट घातली आणि माझ्याकडून मराठीत वदवून घेतली. आजोबांनी यावं, पण तोंडातून आवाज काढायचा नाही. सगळे बघतात.

सासरे गंभीर झाले. "शब्द दिला," म्हणाले.

कार्यक्रम रविवारी सकाळी गेमाइंडहाउसमध्ये, म्हणजे मोहल्ल्याच्या हॉलमध्ये होता. नवरा कंपनीच्या कामाने वोल्फ्सबुर्गला अडकलेला. आम्ही दोघं दुसऱ्या रांगेत. मास्तर पियानोवर बसले, मुलगी पुढे आली आणि तिने ओळ टाकली. चांगली टाकली. हॉल कौतुकाने हसला आणि गप्प बसला.

तिने पुन्हा टाकली. कुणीतरी खोकलं. मास्तर पियानोवर तेच दोन सूर वाजवत वाट बघत राहिले. मला त्यांचा राग आला. बारा वर्षांच्या पोरीला असं एकटं उभं करतात का? मीच उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना, आम्ही टाळ्यांपुरते. शेजारी सासरे खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते आणि त्यांचं नरडं वरखाली होत होतं.

तिसऱ्यांदा टाकताना तिचा आवाज कापला. तिने हॉलकडे बघणंच सोडलं आणि ओळ सरळ आजोबांकडे टाकली. तरी हा माणूस गप्प.

"बाबा, द्या की आता," मी कुजबुजले.

"शब्द दिलाय," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा माझी मुलगी माइकमध्ये मराठीत म्हणाली, "आजोबा, द्या ना."

ते उभे राहिले, कानावर हात ठेवला आणि दिली. पहिल्या रांगेतल्या बाई दचकून मागे वळल्या. मास्तरांनी मान मागे टाकली आणि पियानोवर दोन्ही हात पडले. पुढच्या ओळीला सासऱ्यांच्या पाठोपाठ मागून एक जाडा पुरुषी आवाज आला, मग बायकांचे. शेवटी मीसुद्धा गात होते आणि बेसूर गात होते. इतका आनंद मला या देशात क्वचित झालाय.

परतताना ट्राममध्ये मुलगी आमच्या समोर बसली. जरा वेळाने म्हणाली, "आजोबा, त्स्वायमाल त्सू फ्र्यू."

"काय म्हणते?" त्यांनी मला विचारलं.

सांगावं की नाही, असा मी विचार केला. मग सांगितलं, "दोनदा फार लवकर उचललीत म्हणते."

मला वाटलं, झालं, दुखावले. पण ते म्हणाले, "बरोबर आहे, घाई झाली. आमचे शाहीर असंच सांगायचे, कार्यक्रम संपला की बाजूला घेऊन. ते गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून सगळे नुसते 'छान' म्हणतात. माझी चूक कुणी काढली नव्हती."

आणि ते उठून तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "दाखव," म्हणाले, "किती थांबायचं."