मेश्राम बाईंचा घेर

मेश्राम बाईंबरोबर कापडाच्या दुकानात जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माणसं कापडाचा पोत बघतात, रंग जातो का विचारतात. बाई ठाण उलगडायला लावायच्या, दोन-तीन वार कापड कमरेभोवती धरायच्या आणि भर दुकानात गर्रकन गिरकी घ्यायच्या. घेर न उठता कापड पायात घोटाळलं की नापास. "हे बसाचं कापड आहे बाप्पा. मले उठाचं पायजे," असं म्हणून पुढचं ठाण मागायच्या. घाटंजीचे दुकानदार त्यांना लांबून बघूनच काउंटरपुढची स्टुलं बाजूला सरकवायचे.

आम्ही दोघी एकाच शाळेत. मी मराठी शिकवायची, बाई शिवणकाम. नृत्यनाटिका मात्र त्यांनीच बसवायची, हे ठरलेलं. तिला त्या 'ब्याले', म्हणजे बॅले, म्हणत. त्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. लहानपणी त्यांच्या वडिलांनी भूगोलाच्या पुस्तकाला एका गुळगुळीत रशियन मासिकाचं पान कव्हर म्हणून घातलं होतं. त्यावर पांढरेशुभ्र फ्रॉक घातलेल्या नर्तकी होत्या, आणि खाली मजकूर होता की लढाईत त्यांच्या शहराला वेढा पडला, खायला भाकरी उरली नाही, तरी नाच बंद पडला नाही. भूगोल बाईंना किती आला कोण जाणे, कव्हर मात्र पाठ झालं. "पोटात अन्न नाई, अन् फ्रॉकाची चुणी पाहा कशी कडक!" हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्या नर्तकी मला घाटंजीच्याच वाटतात.

कारगिलच्या वर्षाची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे नाचाचं नाव काढणं म्हणजे चोरी झाली होती. कापसानं सगळ्यांना तोंडघशी पाडलं होतं. एखादी मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, तर तिच्या घरी चौकशी करायला जीभ रेटायची नाही. त्यात सीमेवर लढाई पेटलेली. हेडमास्तरांनी फर्मान काढलं, पंधरा ऑगस्टला मुली पांढऱ्या साड्या नेसून एका ओळीत उभ्या राहतील आणि गाणं म्हणतील. रंग नको, गिरक्या नकोत.

बाईंची नाटिका होती कापसावर. त्या थेट ऑफिसात शिरल्या. "सर, कापूस पांढरा व्हाच्या आंधी त्याचं फूल पिवळं असते, मंग गुलाबी होते. थे काय पांढऱ्या साडीत दाखवू? अन् ज्या जिल्ह्याचा कापूस दुनिया घालते, तिथल्या पोरीले घेर नाई म्हनाचं?"

"बाई, दिवस काय आहेत! लोक काय म्हणतील?"

"म्हनू द्या. पन पाहाले तं येतीन."

त्यांनी मांजरपाट आणलं आणि घरच्याच भाताच्या गंजात रंगवलं. त्यांच्या यजमानांनी पुढचे कितीतरी दिवस निमूटपणे गुलाबी झाक असलेला भात खाल्ला.

नाटिकेच्या मधोमध होती सारिका राठोड. बैलांच्या पाठीवर सरकी लादून आणणारी लमाणीण तिनं करायची होती. पोरगी गिरकी घ्यायची तेव्हा आम्ही श्वास रोखून बघायचो. तिचा भाऊ फौजेत, कारगिलला. एक दिवस तिच्या आईनं, जमनाबाईनं, तिला घरीच बसवलं. भाऊ तिकडे मरणाच्या दाढेत आणि बहीण इकडे नाचणार? पोरगा परत येईपर्यंत शाळासुद्धा नको. बाई हे ऐकून पेटल्या. "आज गिरकी बंद, उद्या शाळा बंद, परवा पोरगी कोनाच्या तरी घरी भाकरी थापत. चाल वं, तांड्यावर जाऊ."

लमाणांच्या त्या तांड्यावर जमनाबाई आपल्या उंबऱ्यात बसली होती. आम्हाला बसा म्हणाली. बाईंनी समजूत घातली नाही. पिशवीतून सारिकासाठी शिवलेला लाल घागरा आणि ओढणी काढून तिच्यापुढे पसरली. काय आरसे लावले होते! आणि ओढणीला हौसेनं बाजारातल्या खोट्या चांदीच्या टोपल्याही टाचल्या होत्या. लमाणी बाया केसांत दोन्ही बाजूंना लटकवतात ते लेणं. फक्त ते लग्न झालेल्या बाईचं असतं, हे आमच्या बाईंच्या गावीही नव्हतं.

जमनाबाईनं डोळे वटारले. "हे काय वं बाई? कुवारी छोरीले टोपली?"

शेजारची म्हातारी मागून म्हणाली, "मंग नवरा कुठी हाय? त्याले बी पिशवीत आनला का?"

अख्खा तांडा हसत सुटला. जमनाबाईही तोंडाला ओढणी लावून हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. "माह्या पोराची काई खबर नाई, अन् मी हासून राह्यली..."

बाई तिच्याजवळ सरकल्या. "हास वं माय. तुह्या हासन्यानं त्याले गोळी नाई लागत. पन टोपल्या तूच उसव. मले तुमची रीत येत नाई. अन् मी तं पोरीले घेतल्याशिवाय उठत नाई."

जमनाबाईनं डोळे पुसले, ब्लेड मागवलं आणि टाके कापू लागली. सगळं उसवून झाल्यावर म्हणाली, "पोरगी येईन. पन हा घागरा आमच्या रीतीनं मीच परत शिवीन."

पंधरा ऑगस्टला मैदानात चिखल होता, तरी खेड्यापाड्यांतून माणसं आली. पिवळी फुलं नाचली, गुलाबी फुलं नाचली, आणि सारिकानं गिरकी घेतली तेव्हा घेर असा काही उठला की कित्येक महिन्यांनी मी आमच्या माणसांना तोंड भरून हसताना पाहिलं. हेडमास्तर रुमालानं चष्मा पुसत बसले होते. कार्यक्रमानंतर बाईंनी सारिकाला बजावलं, "हा घागरा जपजो. दुःखाच्या दिवशी घालजो. सुखात काय, कोनीबी घालते."

दिवाळीनंतर तिचा भाऊ धडधाकट घरी आला. सारिका शिकली, ढाणकीला शिक्षिका झाली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. बाई बौद्ध, त्यांच्या रीतीप्रमाणे आम्ही सगळे पांढरे कपडे घालून अंगणात उभे होतो, आणि फाटकातून सारिका आली. अंगात तोच लाल घागरा, आईनं शिवलेला. कोणीतरी पुटपुटलं, "मयतीले असं येतेत का?"

माझं डोकंच फिरलं. "गप्प बसा! बाईंनीच सांगितलंय तिला," मी म्हणाले.

सारिकानं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठली, अंगणाच्या मध्ये आली आणि डोळ्यांतलं पाणी न पुसता एक गिरकी घेतली. घेर पुरा उठला. लोक आपोआप मागे सरकले, घाटंजीच्या दुकानातली स्टुलं सरकायची तसे.