घोडेवाल्याची बाजू

शेवउसळीच्या तिखट तरीचा वास आला की मला अजून ठसका लागतो, कारण बडोद्यात अशाच एका गाडीपाशी माझं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. साखरपुड्यानंतर आम्हा दोघांना सिनेमाला धाडलं होतं, अर्थात मध्ये यांच्या आत्याबाईंना बसवून. पडद्यावर संगमरवरी महाल, हजारो दिवे, घेरदार घागऱ्यांच्या गिरक्या, गाण्यावर गाणं आणि एकाच नायिकेवर जीव टाकणारे दोघे, एक मास्तर नि एक घोड्यावरून मिरवणारा! मी बावळट इतकी रंगले, की शेवटी तिने सालस मास्तराच्या गळ्यात माळ घालताच उभी राहून ओरडले, "अगं वेडे, तो घोडेवाला घे!" अख्खं थिएटर हसलं. बाहेर उसळ खाताना आत्याबाई म्हणाल्या, "मुलीची लक्षणं काही बरी दिसत नाहीत. घरी सांगावं लागेल." मला तरीचा जोरदार ठसका लागला. तेवढ्यात हे शांतपणे पाव मोडत म्हणाले, "सांग की, आत्या. मलाही घोडेवालाच आवडला." आत्याबाईंनी घरी सांगायचं सोडून आणखी तरी मागवली! मी तिथल्या तिथे घोडेवाल्याला सोडून यांच्यावर भाळले. परवा नातीने तोच सिनेमा टीव्हीवर लावला, आणि या वेळी मला घोडेवाला अगदीच आगाऊ वाटला. तसं यांना म्हटलं, तर म्हणाले, "मला तेव्हाही वाटला होता."