बारीक तोंडाची टाकी

मुंबईच्या एका साहेबाची जुनी पेट्रोलची गाडी मी घेतली, ती बायकोच्या दम्यापायी. एसटीतल्या धुळीनं अन् विडीच्या धुरानं तिचा जीव घाबरा व्हायचा. तीर्थपुरीहून जालन्याच्या दवाखान्यात तर सारखं जावं लागायचं.

टाकीचं तोंड बारीक होतं. पंपाची नळी आत जाईना. पंपवाला हसला, "काका, मुंबईवाली हाय, घसा नाजूक." आम्ही नरसाळं लावून पेट्रोल ओतलं. मंग तीच रीत पडली.

काही महिन्यांत गाडीचा जोर गेला. एकदा बायकोला धाप लागली म्हणून निघालो, तर अंबडच्या अलीकडं चढावर बंदच पडली. लोकांनी ढकलत गॅरेजला नेली.

मिस्त्री खाली शिरला. म्हणला, "काका, सायलेन्सरच्या पुढं डबा हाय. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर भारी धातूचा मुलामा. इंजिनाचा जहरी धूर तिथं साफ होतो. त्याला बिनशिशाचं पेट्रोल लागतं, ते मुंबईत मिळतं; आपल्याकडं अजून शिसं घातलेलंच. ते जाऊ नये म्हणून तर तोंड बारीक ठेवलं. तुम्ही नरसाळं लावलं! जाळी मेली अन् बुजली. धुराला वाटच न्हाई, गाडी वढंल कशी?"

"मंग आता?"

"नवा डबा औरंगाबादहून मागवू. न्हाईतर सळईनं जाळी फोडतो. घोड्यावानी पळंल."

बायको गॅरेजातल्या बाजेवर वाकून बसल्ती. तेवढ्या धापेत तिनं विचारलं, "अन् धूर?"

"तो मागून जातो, काकू."

"मागून जातो म्हंजी कुणाच्या तरी नाकातच जातो ना?"

मिस्त्रीनं सळई हातात घेऊन माझ्याकडं पाह्यलं. तिचे ओठ निळे पडायला लागले होते. मी म्हणलो, "फोड, जल्दी."

तापलेल्या डब्यावर ओलं पोतं टाकून त्यानं काम उरकलं. जालन्याला पोचलो. दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावल्यावर तिची धाप बसली.

औरंगाबादचा डबा काही आला न्हाई. गाडी पळायची, पण वास लई. बायको ती दारात सुरू करू द्यायची न्हाई. "शेजारची लेकरं अंगणात खेळतेत, पुढं न्या." मी कोपऱ्यापर्यंत ढकलायचो. ती मागून चालत यायची, मधी थांबून दम घेत.

"अगं बस आत, तुझ्यासकट ढकलतो."

"राहू द्या. तुम्हालाच दवाखान्यात न्यावं लागंल."

असं काही वर्षं चाललं. ती घरातच गेली, झोपेत. गाडी दारात उभी होती. ढकलायची वेळच आली न्हाई.