मामाजींचा मंगळ

मंगळाशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच, आणि तो नागपूरच्या लकडगंजात लाकूड कापायची आरामशीन चालवतो. हे माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझेही मामाजी. मामी गेल्यावर एकट्याने वाढवलेल्या मुलीच्या, चारूच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ निघाला आणि आलेली स्थळं पायाला पाय लावून पळू लागली. दुसरा एखादा बाप मंगळाची शांत करायला भटजीकडे गेला असता. मामाजींनी शत्रूचे फोटो मागवले. मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाड्या तिथली दगडमाती टिपून पाठवतात आणि ते फोटो कुणालाही फुकट पाहता येतात, हे चारूनेच त्यांना दाखवलं होतं. झालं! सागवानातली गाठ शोधावी तसे ते एकेक फोटो बोटांनी ताणून पाहू लागले. तिथला एखादा गोटा रातोरात सरकला असता, तर शास्त्रज्ञांना ते लकडगंजातून कळवावं लागलं असतं. गिऱ्हाईक चौकटीचा भाव विचारायला आलं की आधी मंगळ. "पाहा, नीट पाहा. सावनेरच्या खाणीजवळ याच्याहून भयाण जागा दाखवतो तुम्हाले. आता मले सांगा, हा गोटा तिथून माह्या पोरीचं काय वाकडं करून राहिला?" गिऱ्हाईक 'काही नाही' म्हणेपर्यंत भाव फुटत नसे.

पुढे त्यांनी त्यातला एक फोटो मोठा करून, अस्सल सागवानी चौकटीत बसवून बैठकीत लावला. मुलगी पाहायला आलेल्यांना पोह्यांच्या आधी त्याचं दर्शन. एका मुलाची आई हळूच म्हणाली, "भाऊ, पोरगी गुणाची हाय. पण आमच्या पोराच्या जिवाचा प्रश्न हाय ना."

"बाई," मामाजी फोटोकडे बोट करून गरजले, "ती गाडी कित्येक वर्षं त्याच्या छातीवर फिरून राहिली, तिले काही झालं नाही. तुमचा पोरगा काहून मरते?"

पोहे तसेच राहिले. चारू आतून बशा उचलायला आली ती हसत, आणि गेली तेव्हा हसत नव्हती.

मग तिनेच स्वतःचं स्थळ आणलं. तिच्याच बँकेतला, कामठीचा मुलगा. त्याच्या घरी पत्रिका पाहतच नाहीत, हे ऐकून मामाजींनी आरामशीन बंद करून सगळ्या कामगारांना जिलबी वाटली. "असे लोक हायत नागपुराच्या इतक्या जवळ!" भिंतीवरचा फोटो उतरवून, भेट म्हणून बगलेत मारून, मला घेऊन ते कामठीला निघाले. घर बौद्धांचं होतं. दारातून समोरच बुद्धाची मूर्ती दिसली आणि मामाजींची चाल मंदावली. चहा झाला. मुलाचे वडील भरभरून बोलत होते, मामाजी 'हो, हो' करत होते. फोटो शेवटपर्यंत कागदातून बाहेर आला नाही.

परतताना गाडीत म्हणाले, "माणसं चांगली हायत. पण आपला समाज काय म्हणन?"

"समाज कितव्या घरात बसतो, मामाजी?"

"तुम्हाले नाही समजत ते, जवाईबापू."

कोट्यवधी मैलांवरच्या दगडाला ज्यांनी निर्दोष सोडलं होतं, त्यांना कामठी लांब पडली. चारूने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, त्या मंगळाले तुम्ही उगाच शिव्या दिल्या." आणि कामठीत लग्न लावून मोकळी झाली. मामाजी गेले नाहीत. आम्ही दोघं नवराबायको गेलो.

परवा सहज लकडगंजात डोकावलो. करवत बंद होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मामाजींनी आवाज उतरवला. "तुम्ही गेलते ना? फोटो असन."

मी मोबाइल दिला. नवरीच्या वेशातली चारू ते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "जेवणात काय होतं?"

मी सांगितलं.

"आणि आग्रह? आपल्याकडच्या पंगतीत कोण फिरलं?"

पंगतीत फिरून आग्रह करायचा तो मुलीच्या बापाने, ही आमच्याकडची रीत. एरवी मुंगीचा हत्ती करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण त्या दिवशी खरं तेच तोंडून निघालं. "मुलाचे वडील. दोन्हीकडच्या पंगतीत तेच फिरले, एकटे."

मामाजींनी मोबाइल परत केला आणि भुशावर उगाच पाय फिरवत राहिले.

"चांगला माणूस हाय," ते म्हणाले. "लय थकला असन."