कुंपणाच्या निवडुंगाचा काढा

मास्तर कासिमिरोचा काढा बिघडलाय, ही बातमी सालास गावात पसरली तेव्हा सगळ्यात गप्प होती ती त्याची बायको एदेल्मिरा. बोलणार काय, कपाळ? बिघडवला तिनंच होता.

मास्तर म्हणजे गावचा जुना वैद्य. कुणी आजारी पडलं, बकऱ्या पटापट मरायला लागल्या, की लोक त्याच्याकडे धावायचे. तो जमिनीवर काठ्या-शिंपल्यांचा मांड मांडायचा, सान पेद्रो निवडुंगाचा काढा प्यायचा, आणि कुणी वाईट केलंय ते त्याला दिसायचं. काढा शिजवायची एदेल्मिरा, लग्न होऊन आली तेव्हापासून. पण मागं एकदा तो मांडावरच कोसळला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हृदय थकलंय, हे पिणं आता बंद. मास्तर हसला. तिनं कधी पिऊन पाहिलंय का, म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा मांडावर बसला.

त्याच्याशी भांडणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. तेव्हा एदेल्मिरानं हंड्यातला सान पेद्रो थोडा थोडा कमी केला आणि त्याच्या जागी कुंपणाचा निवडुंग घातला, जो बकऱ्यासुद्धा नाइलाजानंच खातात. शेवटी शेवटी तर हंड्यात नुसतं कुंपणच शिजत होतं.

मास्तरला काही दिसेना. म्हातारा कारणं शोधायला लागला. आधी विहिरीवर खापर फोडलं, लांबच्या झऱ्याचं पाणी आणवलं. मग चुलीचं लाकूड बदललं. मग म्हणाला, शिजवणारीच्या पोटात मीठ-मिरची गेली असणार, त्यानं काढा बाटतो. झालं, बाई मुकाट्यानं अळणी कंद गिळत बसली. अखेर निवडुंगच चांगला नाही असं ठरवून तो एकटा डोंगर चढून गेला आणि पाठीवर निवडुंगाचे ताजे खांब घेऊन धापा टाकत परतला. ज्या हृदयासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच तिनं डोंगर चढायला लावलं होतं. ते खांब तिनं त्याच्या डोळ्यांदेखत सोलले आणि त्याची पाठ वळताच परसात पुरले. तिची तिलाच शरम वाटली, पण हात काही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची ओर्तेन्सिया उसना नेलेला मातीचा हंडा परत देऊन गेली. नवरा वारल्यावर ही पोर दीर-जावेच्या घरात राहायची. हंड्याचा काठ उडालेला बघून एदेल्मिराचं डोकं फिरलं. चुलीपाशी तिची दिवसभर टकळी चालू. त्या विधवेचा हातच वाईट, लावील त्याचं वाटोळं. मनात तसं काही नव्हतं. जिभेला हाड नाही, एवढंच.

संध्याकाळी मांडाला आली ती ओर्तेन्सियाची जाऊ, रोसाल्बा. तिचं बाळ दूध पीत नव्हतं, सुकत चाललं होतं. मास्तरनं काढा घेतला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच बसला. मग म्हणाला, तुमच्याच घरात एक विधवा आहे, तिचा हात वाईट आहे.

एदेल्मिरा दाराआडून ऐकत होती. कुंपण पिऊन कुणाला काय दिसणार?

सकाळी ओर्तेन्सियाचं बोचकं रस्त्यावर पडलं होतं. ती वीटभट्टीच्या छपरात राहायला गेली. बाजारात तिच्या मक्याच्या दारूला कुणी हात लावेना. एदेल्मिरा तिला टाळून लांबच्या वाटेनं जायची. एकदा मात्र तिनं पाहिलं, पोरीनं भरलेला घडा तसाच गटारात ओतला. एदेल्मिरा तिथून तडक घरी आली.

"अहो, काढ्यात काही नव्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मीच घालत नव्हते. तुमच्या जिवाची भीती वाटायची."

तो रागावेल, भांडी फेकेल, असं तिला वाटलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा लहान पोरासारखा खुलला. "म्हणजे निवडुंगानं मला सोडलेलं नाही?"

"आणि ओर्तेन्सिया?"

हसू जागच्या जागी विरलं. मास्तरनं खुंटीवरची टोपी घेतली.

आधी रोसाल्बाच्या अंगणात, चार माणसांसमोर, त्यानं सांगितलं की मला काही दिसलं नव्हतं, मी खोटं बोललो. मग दोघं नवरा-बायको भट्टीवर गेली. ओर्तेन्सियानं सगळं ऐकून घेतलं.

"काही दिसलं नाही, मास्तर, तर माझंच नाव कुठून आलं?"

तो बायकोकडे न बघता म्हणाला, "दिवसभर घरात तेच ऐकत होतो, पोरी."

ओर्तेन्सियाच्या ते ध्यानात आलं. मग ती एदेल्मिराकडे वळली.

"काकू, त्या हंड्याचा काठ तुम्ही दिलात तेव्हाच उडालेला होता," ती म्हणाली. "तुम्हाला कानकोंडं वाटेल म्हणून बोलले नाही."